प्रलंबित ग्रीन कार्ड, नोकरीतला बदल आणि कंपनीच्या कपाटातले कागद

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-वन-बी या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हापासून आपल्या दैनिकात तिकडच्या नोकऱ्या आणि व्हिसा यांविषयी सातत्याने मजकूर येत आहे. त्यात तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींची काळजी असते आणि ती रास्तच आहे. मात्र जे पंधरा-पंधरा वर्षांपूर्वी तिकडे गेले, ज्यांची मुले तिथल्या शाळांत शिकून मोठी झाली आणि जे नोकरीच्या आधारावर केलेला ग्रीन कार्डचा, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज घेऊन अजून रांगेतच उभे आहेत, त्यांना रोज छळणाऱ्या एका प्रश्नाविषयी मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही. अर्ज प्रलंबित असताना नोकरी बदलता येते का, हा तो प्रश्न. मी मूळची साताऱ्याची. २०१० पासून न्यू जर्सीत सॉफ्टवेअर चाचणीचे काम करते. या रांगेत मला ११ वर्षे झाली आहेत आणि रांगेत असतानाच मी कंपनी बदललेली आहे, म्हणून हे पत्र.

ते मराठी वृत्तपत्रालाच लिहिण्याचे कारण असे की, हा निर्णय वकिलाच्या कार्यालयात क्वचितच होतो. तो बहुधा रविवारी सकाळी घरी केलेल्या फोनवर होतो. २०२१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने मला बोलावले आहे असे मी आईला सांगितले, तेव्हा ती लगेच म्हणाली, "एवढी वर्षं काढलीस, आता कार्ड हातात पडेपर्यंत कळ काढ. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नकोस." माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांतून अगदी हाच सल्ला दिला जातो. त्यामागे माया असते, आणि मुलाबाळांनी परमुलखात धोका पत्करू नये ही इच्छा असते. पण हा सल्ला एका समजुतीवर उभा आहे, ती म्हणजे कार्ड कंपनीच्या मुठीत आहे आणि कंपनी सोडली की ते गेलेच. अर्जाच्या सुरुवातीच्या टप्प्यात ही समजूत खरी असते. पुढच्या टप्प्यात ती साफ खोटी ठरते. या दोहोंमधली रेघ कायद्याने २५ वर्षांपूर्वी आखून दिली आहे. आपण ती रेघ ओलांडली आहे हे दाखवणारे कागद मात्र कंपनीच्या कपाटात राहतात, आणि माझी तक्रार त्या कपाटाविषयी आहे.

आधी ती रेघ कुठे आहे ते सांगते, कारण 'ग्रीन कार्डची फाइल टाकली' एवढ्या एका वाक्यात आपण सगळे टप्पे एकत्र करून टाकतो. पहिला टप्पा लेबर सर्टिफिकेशनचा, ज्याला सगळे 'पर्म' म्हणतात. या जागेसाठी पात्र आणि इच्छुक असा स्थानिक माणूस मिळाला नाही, हे कंपनीने जाहिराती देऊन श्रम खात्याला दाखवायचे असते, आणि आजकाल यातच सुमारे दोन वर्षे जातात. दुसरा टप्पा आय-१४० या अर्जाचा, ज्यात त्या जागेसाठी हाच कर्मचारी हवा आहे असे इमिग्रेशन खात्याला कळवायचे असते. तोही कंपनीच करते. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, ती तारीख म्हणजे आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजेच रांगेतला आपला नंबर. तिसरा टप्पा आय-४८५ अर्जाचा, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्ड मागण्याचा. हा अर्ज माणूस स्वतःच्या नावाने करतो, परंतु व्हिसा बुलेटिन या दरमहा निघणाऱ्या सरकारी तक्त्यात आपल्या नंबराची पाळी आल्याशिवाय तो दाखल करता येत नाही.

पर्म चालू असताना किंवा आय-१४० मंजूर होण्याआधी नोकरी सोडली, तर आजवरचे सगळे पाण्यात जाते आणि नव्या कंपनीत श्रीगणेशा करावा लागतो. त्या टप्प्यावर माझ्या आईचा सल्ला योग्यच आहे. आय-१४० मंजूर झाल्यावर मात्र प्रायॉरिटी डेट आपल्या नावावर जमा होते. कंपनीने पुढे तो अर्ज मागे घेतला, तरी अर्जात लबाडी किंवा मोठी चूक निघाल्याखेरीज ती तारीख कोणी काढून घेऊ शकत नाही. नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण नंबर जुनाच राहतो. मंजुरीला १८० दिवस झाल्यावर कंपनीने अर्ज मागे घेतला, तर त्याने तो रद्दच होत नाही आणि त्याच्या आधारावर एरवी सहा वर्षांत संपणारा एच-वन-बी पुढेही वाढवून मिळत राहतो. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनी हे सगळे पक्के केले. आणि आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले, की त्याच किंवा तत्सम व्यवसायातली दुसरी नोकरी धरून तोच अर्ज पुढे चालवता येतो. त्यासाठी नवा पर्म लागत नाही, नवा आय-१४० लागत नाही, जुन्या कंपनीची परवानगी तर मुळीच लागत नाही.

हा हक्क कोणाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. अमेरिकेच्या सिनेटने तो देणारा कायदा ऑक्टोबर २००० मध्ये ९६ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर केला आणि १७ ऑक्टोबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. वकील मंडळी त्याला 'एसी-२१' म्हणतात. सरकारी दिरंगाईमुळे अर्ज सहा-सहा महिने पडून राहत असेल, तर तेवढ्यापायी माणसाला एकाच मालकाच्या दाराशी बांधून ठेवणे योग्य नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. तेव्हा सहा महिने ही फार मोठी दिरंगाई वाटत होती, हे आज वाचताना मन विषण्ण होते.

कारण आता दिरंगाई महिन्यांत मोजली जात नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे मिळतात, त्यातच नवरा-बायको आणि मुले धरली जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक कार्डे जाऊ नयेत असा नियम आहे. भारतासारख्या देशाला आणि आइसलँडसारख्या चिमुकल्या देशाला मर्यादा एकच. इतर देशांतल्यांनी न वापरलेली कार्डे कधीकधी आपल्याकडे वळतात, तरी रांग हलल्यासारखी वाटत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतीयांसाठी ईबी-२ या उच्च शिक्षण लागणाऱ्या जागांच्या वर्गाची कार्ड मिळण्याची तारीख १ एप्रिल २०१३ ही होती. म्हणजे त्यानंतर ज्यांचा पर्म दाखल झाला, त्यांची पाळी तेव्हा आलेली नव्हती. ही देशनिहाय मर्यादा उठवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा मंजूर केला, पण दोहोंचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळले. तो दिवस आमच्या घरात सुतक असल्यासारखा गेला होता.

माझा पर्म नोव्हेंबर २०१४ मध्ये दाखल झाला. २०२० मध्ये करोनामुळे वकिलाती बंद पडल्या, कुटुंबाच्या आधारावर मिळणारे बरेच व्हिसा वापरले गेले नाहीत आणि ते नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी नोकरीच्या वर्गाकडे आले. त्या ऑक्टोबरच्या बुलेटिनमध्ये शिक्षणाची अट त्याहून कमी असलेल्या ईबी-३ वर्गाची (कार्ड मिळण्याची नव्हे) अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पोहोचली. ईबी-२ मध्ये असलेल्या माझ्यासारख्या असंख्य लोकांनी घाईघाईने ईबी-३ मध्ये दुसरा आय-१४० भरला आणि त्याच्याबरोबर आय-४८५ ही दाखल केला. माझे पाकीट नोव्हेंबर २०२० मध्ये गेले. पुढे तारखा मागे सरकल्या, आणि त्या लाटेत अर्ज केलेले आम्ही पुष्कळ जण पाच वर्षांहून अधिक काळ तिथेच आहोत. म्हणजे १८० दिवसांची रेघ आम्ही मे २०२१ मध्येच ओलांडली. कायद्याने आम्ही मोकळे आहोत. तरीही आमच्यातले कितीतरी जण त्याच कंपनीत, त्याच पदावर, त्याच टेबलाशी बसून आहेत.

यापूर्वीची अशी लाट जुलै २००७ ची. त्या महिन्याच्या बुलेटिनमध्ये जवळजवळ सगळ्या वर्गांच्या तारखा खुल्या झाल्या होत्या, लोकांनी रात्री जागून कागद जमवले, आणि २ जुलैला सरकारने ते बुलेटिन फिरवले. तेव्हा भारतीयांनी मोडतोड केली नाही की शिवीगाळ केली नाही. त्यांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना शेकड्यांनी फुलांचे गुच्छ पाठवले. गांधीगिरी हा शब्द तेव्हा ताजा होता. खात्याने ती फुले लष्करी रुग्णालयातल्या जखमी जवानांकडे पाठवली, आणि १७ जुलैला निर्णय बदलून १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारण्याचे जाहीर केले. त्या वेळी अर्ज भरलेल्यांपैकी पुष्कळांना पुढे वर्षानुवर्षे थांबावे लागले, आणि २००८ च्या मंदीत नोकऱ्या गेल्या तेव्हा याच १८० दिवसांच्या तरतुदीवर अनेकांचे अर्ज तगले. आमच्या आधीच्या पिढीने हा हक्क असा वापरून दाखवला आहे, म्हणून आमच्या पिढीची भीती मला अधिक टोचते.

आता माझे स्वतःचे. २०१४ च्या उन्हाळ्यात आमच्या कार्यालयाच्या पँट्रीत, मायक्रोवेव्हच्या वरच्या भिंतीवर, एक टंकलिखित कागद चिकटवलेला दिसला. पदाचे नाव, कामाचे स्वरूप, शिक्षणाची अट, पगार, आणि या अर्जाविषयी कोणाला काही पुरावा द्यायचा असल्यास श्रम खात्याच्या कोणत्या अधिकाऱ्याला कळवावे तो पत्ता, असे सगळे त्यात होते. वाचता वाचता लक्षात आले की ती माझीच जागा आहे. पर्म करण्याआधी अशी सूचना कामाच्या ठिकाणी कामकाजाचे सलग १० दिवस लावावी लागते, हे मला तोवर माहीत नव्हते. माझ्याच जागेची सूचना मी डबा गरम करता करता वाचत होते, याचे इतके नवल वाटले की मी फोनवर तिचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला आणि विसरून गेले.

त्यानंतरची सात वर्षे मी त्याच पदनामावर काढली. दोनदा बढतीची गोष्ट निघाली आणि दोन्ही वेळा कंपनीच्या वकिलाने कळवले की कामाचे स्वरूप बदलले तर पर्म नव्याने करावा लागेल. माझ्यानंतर आलेली, मीच शिकवलेली मुले माझ्या वर गेली. याचे वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून बोलावणे आले, तेव्हा मी स्वतंत्र वकील गाठला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या पर्मची आणि आय-१४० च्या मंजुरीपत्राची प्रत आहे का?" नव्हती. मी एचआरला लिहिले. दोन दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले की ते कंपनीचे गोपनीय कागद आहेत.

या एका ओळीवर मी अनेक रात्री विचार केला आहे. ज्या जागेची जाहिरात कंपनीला दोन रविवारच्या वर्तमानपत्रांत द्यावी लागली, जिचा तपशील पँट्रीच्या भिंतीवर लावावा लागला, ज्या पर्मच्या मंजूर अर्जावर माझी स्वतःची सही आहे, तो कागद माझ्यापासून गोपनीय कसा असू शकतो? त्यात कंपनीचे ताळेबंद असतील तर ते खुशाल झाकावेत. पण माझे पद, माझे काम, माझी प्रायॉरिटी डेट आणि माझ्या नावाच्या अर्जाचा पावती क्रमांक यांत कंपनीचे कोणते गुपित आहे?

शेवटी आठवण आली ती त्या फोटोची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे झाले होते. सात वर्षांपूर्वीचा तो फोटो नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये सापडला, थोडा तिरका, वरच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्हच्या दिव्याची चकाकी आलेला. आम्ही तो मोठा करून छापला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डावीकडे तो आणि उजवीकडे नवे ऑफर लेटर ठेवून मी पेन्सिलीने एकेक ओळ जुळवत गेले. चाचणीचे आराखडे तयार करणे, दोषांची नोंद ठेवून पाठपुरावा करणे, स्वयंचलित चाचणीचे प्रोग्रॅम लिहिणे, हे दोन्हीकडे होते. नव्या जागी त्याच्या जोडीला चार जणांच्या गटाची जबाबदारी होती, आणि माझा जीव तिथेच अडकला.

वकिलांनी समजावले तेव्हा कळले की 'तत्सम' या शब्दाचा अर्थ आम्ही समजतो तेवढा अरुंद नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याने सगळ्या व्यवसायांना सहा आकडी सांकेतिक क्रमांक दिले आहेत. अधिकारी आधी जुन्या आणि नव्या कामाचे हे क्रमांक पाहतो, परंतु आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे असे नाही; काम, लागणारे कौशल्य, शिक्षण, पगार या सगळ्यांचा एकत्रित विचार होतो. मार्च २०१६ मध्ये इमिग्रेशन खात्याने दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की, माणूस आपल्याच क्षेत्रात वर चढला आणि पूर्वी स्वतः करत असे तेच काम करणाऱ्यांवर देखरेख करू लागला, तर तेही तत्सम धरता येते. पगार वाढला एवढ्यावरून अर्ज फेटाळला जात नाही. गाव किंवा राज्य बदलले तरी अडत नाही. खराखुरा व्यवसाय असेल तर स्वतःचा व्यवसायसुद्धा चालतो. सात वर्षे मी ज्या बढतीला घाबरत आले होते, ती आय-४८५ दाखल होऊन सहा महिने झाल्यावर मला घेता येण्यासारखी होती, आणि हे मला कोणीही सांगितले नव्हते. कंपनीचा वकील शेवटी कंपनीचे हित पाहतो. तो वाईट माणूस होता असे माझे म्हणणे नाही. त्याचा अशील मी नव्हते.

पुढचा अडसर नव्या कंपनीत निघाला. नोकरी बदलल्याचे कळवण्यासाठी 'सप्लिमेंट जे' नावाचा एक नमुना असतो. त्यावर नव्या मालकाने एवढेच लिहून द्यायचे असते की ही नोकरी खरी आहे, पद अमुक, काम अमुक, पगार अमुक. त्याला सरकारी शुल्क नाही. पण तिथल्या एचआरमधल्या बाईंनी तो नमुना पाहताच सांगितले, "आम्ही ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करत नाही." हे स्पॉन्सर करणे नव्हेच, यात कंपनीला जाहिरात द्यायची नाही, वकिलाचा खर्च करायचा नाही, माझ्या अर्जाची जबाबदारीही घ्यायची नाही, हे त्यांना पटवायला तीन आठवडे लागले. वकिलांनी एक पानाचे पत्र लिहून दिले, तेव्हा कुठे सही झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मी रुजू झाले. जुन्या कंपनीने काही दिवसांनी आपण आय-१४० मागे घेत असल्याचे कळवले. दोन्ही आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटून गेले होते, त्यामुळे अर्जाला काही झाले नाही. ते पत्र वाचून मी एक दिवस जेवले नाही, हे मात्र खरे.

माझ्याकडे तो तिरका फोटो होता. ज्यांच्याकडे नाही त्यांचे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या ओळखीचा विदर्भातला एक मुलगा एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीमार्फत आला. पुण्यात सही केलेल्या बाँडमध्ये एक कलम होते की पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 'ग्रीन कार्डचा सर्व खर्च' भरून द्यावा लागेल. ती रक्कम डोळ्यांसमोर ठेवून तो बाजारभावापेक्षा कमी पगारावर थांबला, आणि शेवटी सोडताना त्याने ती हप्त्याहप्त्याने भरलीही. पर्मचा खर्च, त्यातली वकिलाची फीसुद्धा, मालकाने कर्मचाऱ्याकडून कोणत्याही रूपाने वसूल करू नये, असा अमेरिकी श्रम खात्याचा नियम १६ जुलै २००७ पासून लागू आहे. पुढच्या टप्प्यांच्या खर्चाची गोष्ट निराळी, तो कर्मचारी देऊ शकतो. पण बाँडमध्ये सगळेच एकत्र बांधलेले होते आणि त्याला फोड करून कोणी सांगितली नाही. त्याला हा नियम कळला तेव्हा शेवटचा हप्ता जाऊन चार महिने झाले होते.

कंपन्यांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. पर्मसाठी पैसा आणि वेळ खर्च करून माणूस लगेच निघून गेला तर कोणालाही राग येईल. पण कायद्याने त्यासाठीच १८० दिवसांची मुदत ठेवली आहे, आणि आजच्या रांगेत तर त्याच्या आधी कित्येक वर्षांची चाकरी झालेली असते.

कागदांचा हा प्रश्न न्यायालयांपुढेही गेला आहे. नोकरी बदलून गेलेल्या माणसाचा आय-१४० इमिग्रेशन खात्याने रद्द करायचे ठरवले, तर तशी नोटीस पूर्वी फक्त जुन्या मालकाला जात असे. ज्याला त्या माणसाशी आता काही देणेघेणे नाही असा मालक उत्तर देत नसे, आणि अर्ज बुडाल्याचे अर्जदाराला फार उशिरा कळत असे. डिसेंबर २०१५ मध्ये न्यू यॉर्कच्या सेकंड सर्किट अपील न्यायालयाने असे एकट्या जुन्या मालकाला कळवणे पुरेसे नाही असा निकाल दिला, आणि २०१७ मध्ये खात्याने स्वतःच मान्य केले की रीतसर नोकरी बदललेल्या अर्जदाराला अशा प्रकरणात बाजू मांडण्याचा अधिकार आहे. न्यायालयाने नोटिशीबाबत जे म्हटले, तेच कागदांच्या प्रतींबाबत कायद्यात लिहिले जावे, अशी माझी मागणी आहे. आय-१४० मंजूर झाला की त्याच्या मंजुरीपत्राची आणि पर्मची प्रत कर्मचाऱ्याला देणे मालकावर बंधनकारक असावे. यासाठी कोटा वाढवावा लागत नाही, की कोणाची रांग मोडावी लागत नाही.

हे लिहिताना मी कोणाला उतावीळपणा शिकवू इच्छित नाही. काही धोके खरे आहेत आणि अलीकडे ते वाढले आहेत. आय-४८५ च्या आधारे मिळणारे कामाचे परवानापत्र, ज्याला आम्ही ईएडी म्हणतो, त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर मिळणारी ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना बंद झाली, आणि पाच वर्षांचे ईएडी डिसेंबर २०२५ पासून १८ महिन्यांवर आले. म्हणून केवळ ईएडीच्या भरवशावर नवी नोकरी धरणाऱ्याने मुदत संपण्याच्या सहा महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करावा, आणि शक्य असेल त्याने नव्या कंपनीकडून एच-वन-बीही चालू ठेवून घ्यावा. एक लाख डॉलरचे शुल्क अमेरिकेतच वैध दर्जात राहून मालक बदलणाऱ्याला लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेला आहे. एच-वन-बी सोडून ईएडीवर आलेल्याने प्रवासाची आगाऊ परवानगी हाती नसताना देश सोडला, तर आय-४८५ सोडून दिल्यासारखा धरला जातो. घरून अचानक फोन आला की माणूस हे विसरून विमानतळ गाठतो. जोडीदाराचा आणि मुलांचा अर्जही मूळ अर्जदाराच्याच अर्जाला बांधलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. आणि ज्यांची आय-४८५ ची पाळीच आलेली नाही, त्यांची नोकरी गेली तर हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात. त्यांनी १८० दिवसांची ही सवलत आपल्याला आहे असे समजू नये.

पुणे, मुंबई, नागपूर येथून माणसे अमेरिकेत पाठवणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे की, कायदा बदलेल तेव्हा बदलेल, पण या प्रती देण्याची पद्धत त्यांनी आजच सुरू करावी आणि बाँडमधून पर्मच्या खर्चाचे कलम काढून टाकावे. तिकडची महाराष्ट्र मंडळे गणपती, दिवाळी, नाटके हे सगळे मनापासून करतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना तर हजारो लोक जमतात. तिथे दोन तास एखाद्या जाणत्या इमिग्रेशन वकिलाला बसवून फक्त या एका विषयावर लोकांच्या प्रश्नांची उत्तरे दिली जावीत. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, मुलगा किंवा मुलगी नोकरी बदलण्याचे बोलली, तर 'थांब' म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: आय-१४० कधी मंजूर झाला, आय-४८५ कधी दाखल केला, आणि या दोन्हींचे कागद तुझ्याजवळ आहेत का.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तरी वाट बंद होत नाही. आपल्याकडे २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. अमेरिकेत तसा कायदा १९६६ मध्येच झाला आहे. त्याखाली इमिग्रेशन खात्याकडे ऑनलाइन अर्ज करून आपल्या फाइलची प्रत मागता येते आणि पर्मची प्रत श्रम खात्याकडे मागता येते. कंपनीच्या आर्थिक बाबी झाकून उरलेले कागद मिळतात. मी २०२२ मध्ये तसा अर्ज केला. काही महिन्यांनी आलेल्या फाइलमध्ये माझा पर्म होता, आणि त्यातले कामाचे वर्णन पँट्रीतल्या त्या कागदाशी शब्दशः जुळत होते.

आपली विश्वासू,
एक वाचक
(मूळ सातारा, सध्या न्यू जर्सी)